कुटुंबवत्सल अंमलदार

एखादा सेवानिवृत्त पोलीस अधिकारी निवर्तला म्हणजे त्याच्या स्मरणार्थ जे बोलले आणि लिहिले जाते, त्याचे अलीकडे दोनच साचे उरले आहेत. एका साच्यात त्याने चकमकीत मारलेल्या गुन्हेगारांची मोजदाद होते. दुसऱ्यात त्याच्या खात्याच्या पापांचा पाढा वाचून, अशा खात्यात हयात घालविलेल्या माणसाला स्वतंत्र चरित्र ते काय असणार, असा निकाल दिला जातो. तो कुटुंबवत्सल होता, हे वाक्य मात्र दोहोंच्या शेवटी ठरल्याप्रमाणे येते. लखनऊच्या इंदिरा नगरात, आवास विकास परिषदेने वसविलेल्या ज्या विस्तीर्ण वसाहतीत निवृत्त सरकारी नोकरांची घरे गल्लोगल्ली आढळतात, तेथील शोकसभांतही ते उच्चारले जाते आणि विसरले जाते. माझे म्हणणे असे, की त्या माणसाच्या सार्वजनिक चरित्राचा उलगडा पुष्कळदा ह्याच वाक्यापासून सुरू व्हावयास हवा.

चकमकींची मोजदाद करणाऱ्यांशी वाद घालण्यात हशील नाही. त्यांना पोलीस नको, मारेकरी हवा आहे. दुसरा पक्ष मात्र गंभीर आहे. १८६१ चा पोलीस कायदा सत्तावनच्या उठावानंतर कोणत्या हेतूने झाला, हे नव्याने सांगावयास नको. ह्याच लखनऊचे न्यायमूर्ती आनंद नारायण मुल्ला यांनी एका निकालपत्रात, देशातील कोणत्याही बेकायदा टोळीचे अपराध पोलीस दलाच्या अपराधांच्या जवळपासही येत नाहीत, अशा आशयाचे शेरे मारले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली ते वगळावयास लावले. निकालपत्रातून ते गेले, लोकांच्या मनातून गेले नाहीत. तेव्हा अशा दलातील माणसाचे घरगुती सद्गुण आठवणे म्हणजे दलाच्या दोषांवर पांघरूण घालणे होय, असे जे म्हणतात त्यांचा रोष मला समजतो.

त्यांच्या मताला सर्वांत समर्थ आधार हाना आरेन्ट ह्या विदुषीच्या १९४५ सालच्या एका निबंधात सापडतो. नाझींचे संहारयंत्र चालविणारी माणसे बहुसंख्येने विकृत नव्हती, साहसीही नव्हती. नोकरी, निवृत्तिवेतन, विमा आणि बायकामुलांचे स्वास्थ्य अबाधित राहावे एवढ्यासाठी श्रद्धा, अब्रू आणि माणुसकी गहाण टाकावयास सिद्ध झालेले ते सामान्य कुटुंबवत्सल गृहस्थ होते, आणि हिमलरने नेमके हेच हेरले होते, असे आरेन्टबाईंचे प्रतिपादन आहे. त्यातील सत्यांश मी नाकारीत नाही. आपल्याकडेही लाचखाऊ अंमलदार मुलीचे लग्न आणि मुलाचे शिक्षण हीच कारणे पुढे करतो. परंतु ह्या विवेचनात घर ही केवळ एक ठेव आहे. तिचे रक्षण करावयाचे, तिच्यात भर घालावयाची आणि दिवसभर केलेले कर्म तिच्यापासून लपवावयाचे. ती ठेव स्वतः काही विचारीत नाही. ज्या घरात पत्नी नवऱ्याला त्याच्या दिवसाचा जाब विचारू शकते, आणि कोठडीत एखाद्याला मारून आलेल्या बापाला मुलीशी बोलताना शब्द सापडत नाहीत, ते घर आरेन्टबाईंच्या निबंधात कोठेच नाही. आणखी असे, की आधुनिक माणसाने व्यवसाय आणि कुटुंब यांच्यात इतकी फाळणी केली आहे, की स्वतःच्याच ठिकाणी त्याला दोहोंचा संबंध सापडत नाही, हे त्यांनीच त्या निबंधात सांगितले आहे. मग दोष वत्सलतेचा की फाळणीचा? फाळणीचा असेल, तर ती मोडून जो घराला आपल्या कर्माची खबर लागू देतो, त्या गृहस्थाला त्याच यादीत कसे बसविता येईल?

घरासाठी वाटणारी धास्ती आणि घरापुढे वाटणारी लाज ह्या दोन अगदी भिन्न शक्ती आहेत. धास्ती माणसाला वरिष्ठांच्या स्वाधीन करते. लाज त्याला वरिष्ठांच्या खोलीतही, निदान क्वचित, नकार द्यावयास लावते. घरच्यांनाच वरकमाई हवी असेल तर काय, असे कोणी विचारील. तर मग ते घर साक्षीदार राहिले नाही, भागीदार झाले. आणि तशी घरे पुष्कळ आहेत, हे मी जाणतो. श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' ह्या कथेवर आधारलेल्या १९८३ च्या 'अर्धसत्य' चित्रपटात तर फौजदाराच्या हिंसेचे मूळ त्याच्या हवालदार बापाच्या घरातच आहे. त्या चित्राचा मी आदर करतो. ते माझ्या म्हणण्याच्या विरुद्धही नाही, कारण त्या घरात आईला जाब विचारण्याची मुभाच नव्हती.

घराची आठवण तपासातही कामी येते. महाराष्ट्राचे माजी पोलीस महासंचालक अरविंद इनामदार नोव्हेंबर २०१९ मध्ये निधन पावले, तेव्हा त्यांनी हाताळलेला १९९४ च्या जळगाव लैंगिक शोषण प्रकरणाचा तपास सर्वांनी आठवला. पीडित मुली बोलावयास पुढे येत नव्हत्या, ही त्या तपासातली थोर अडचण होती. अशा मुलीची जबानी दरडावून मिळत नाही. समोर बसलेल्या माणसाला आपल्याही घरची कोणी तरी आठवत असेल, असा भरवसा तिला आधी वाटावा लागतो, आणि तो भरवसा कोणत्याही सरकारी परिपत्रकाने निर्माण करता येत नाही.

धास्ती मात्र हुकमाने निर्माण करता येते. उत्तर प्रदेशचेच माजी पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी जे निर्देश दिले, त्यांत महासंचालकापासून जिल्ह्याच्या अधीक्षकापर्यंत आणि ठाण्याच्या प्रमुखापर्यंत किमान दोन वर्षांच्या कार्यकाळाची तरतूद होती. तिची चर्चा आपण केवळ राजकारणी आणि पोलीस यांच्या रस्सीखेचीची म्हणून करतो. पण अवेळी निघालेली बदली अधिकाऱ्याला भोवते त्याहून त्याच्या घराला अधिक भोवते. मुलांची शाळा, म्हाताऱ्या आईचे औषधपाणी, भाड्याचे घर, सगळेच त्या एका कागदाने उखडले जाते, आणि हे ठाऊक असल्यामुळेच तो कागद नुसता दाखविला तरी पुरतो. म्हणून कित्येकांनी कुटुंब लखनऊला इंदिरा नगरासारख्या वसाहतीत ठेवले आणि स्वतः बलिया, ललितपूर, बहराइच अशा जिल्ह्यांतून एकट्याने नोकऱ्या केल्या. मुलांच्या शाळा टिकल्या. पण रोज संध्याकाळी समोर बसून विचारणारे कोणी उरले नाही. कार्यकाळाची हमी अधिकाऱ्याच्या सोयीसाठी नाही. त्याच्या साक्षीदारांना त्याच्याजवळ राहता यावे यासाठी ती हवी आहे, आणि एवढ्यासाठी तरी राज्यांनी हा निर्देश मनापासून पाळावयास हवा होता.

तेव्हा पुढच्या शोकसभेत कुटुंबवत्सलतेचा उल्लेख करणाऱ्याने तेवढ्यावर खाली बसू नये. बदलीची धमकी किती वेळा आली, आणि कोणत्या कागदावर त्याने सही नाकारली, हेही सांगावे. खात्याच्या दप्तरात ते सापडणार नाही, त्याच्या पत्नीला ते बहुधा ठाऊक असते.