धूर बाहेर जातो म्हणजे कुठे जातो?

मुंबई-पुण्यातल्या जुन्या सोसायटीत ‘डक्ट’ म्हटलं की इमारतीच्या पोटातून वरपासून खालपर्यंत गेलेली ती अंधारी पोकळी आठवते. ड्रेनेजचे पाइप, कबुतरं, कुणाचा तरी दोरीवरून निसटून पडलेला टॉवेल. बाथरूमच्या आणि स्वयंपाकघराच्या खिडक्या तिच्यातच उघडतात. हल्ली घराचं काम काढलं की फॉल्स सीलिंगच्या वर इनलाइन फॅन बसवून घेतात आणि त्याच्या पाइपाचं तोंड बरेचदा याच पोकळीत सोडून देतात.

हा पंखा दिसत नाही. चार किंवा सहा इंची पाइपाच्या मध्येच तो जोडलेला असतो. खोलीतून दिसते ती फक्त जाळी. हिशेब सोपा आहे. ८ बाय ५ फुटांचं, ९ फूट उंच बाथरूम म्हणजे ३६० घनफूट हवा. ती तासाला आठ वेळा बदलायची तर मिनिटाला ४८ घनफूट हवा ओढली गेली पाहिजे. पाइपाच्या प्रत्येक वळणावर ओढ कमी होते, म्हणून जाणता कारागीर जरा मोठाच पंखा सुचवतो. काम संपलं की तो देवघरातली एक उदबत्ती मागून घेतो आणि पेटवून जाळीखाली धरतो. धुराची रेघ वाकून वर शिरली की काम पास. मग तो दार लावून पुन्हा बघतो. रेघ ढेपाळली, तर दाराखाली फट ठेवायला सांगतो. आत यायला वाट नसेल तर हवा बाहेर तरी कशी जाणार? गॅस गिझर असेल तर हे जिवावरचं काम. अशा कोंडलेल्या खोलीत जळका वायू तिथेच रेंगाळतो, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पण वर शिरलेली ती रेघ गेली कुठे?

अद्वैताला हा धूर अनोळखी नाही. मांडूक्य उपनिषदावरच्या कारिकांमध्ये गौडपादांनी घटाकाशाचा दाखला दिला आहे. घड्यातलं आकाश आणि बाहेरचं आकाश एकच. मग आत्मा एकच असेल तर एकाचं सुखदुःख सगळ्यांना का होत नाही? त्यांचं उत्तर असं, की एका घड्यात धूळ-धूर भरला म्हणून सगळ्या घड्यांतलं आकाश मळत नाही.

आकाशापुरतं हे उत्तर चोख आहे. पंखा मात्र आकाश ढकलत नाही, वायू ढकलतो. तिसऱ्या मजल्यावरच्या तळलेल्या बांगड्याचा वास चौथ्या मजल्यावरच्या पूजेत पोचतो आणि चौथ्यावरचा धूप पाचव्यावरच्या दमेकऱ्याच्या छातीत. इथे घडे वेगळे राहत नाहीत.

वायूबद्दल विचारायचं तर छांदोग्य उपनिषदातल्या रैक्वाकडे जावं लागतं. गाड्याखाली बसून खरूज खाजवणाऱ्या या माणसाने जानश्रुती राजाला सांगितलं, की वायू हाच सगळं गिळून घेणारा आहे. विझलेला अग्नी त्याच्यात जातो, मावळलेला सूर्य जातो, आटलेलं पाणीही जातं. आणि देहात हेच काम प्राण करतो. म्हणजे आपण बाहेर टाकतो ते वायूच्या पोटात जातं खरं, पण तोच वायू कुणाचा तरी श्वास होऊन आत येतो.

जैन परंपरेने हीच गोष्ट आचारात आणली. वायू हेच ज्यांचं शरीर आहे असे जीव ती मानते, म्हणून साधू-साध्वी पंख्याने वारासुद्धा घेत नाहीत. त्यांतले स्थानकवासी आणि तेरापंथी तोंडावर मुहपत्ती, म्हणजे कापडाची पट्टी, बांधतात. गृहस्थाला एवढं कडक बंधन नाही. त्याने पंखा लावावा. ओल, बुरशी आणि फोडणीचा खकाणा घरात कोंडून ठेवण्यात कसलंच पुण्य नाही. पण पंखा धूर नाहीसा करत नाही, त्याची फक्त जागा बदलतो. म्हणून इथला धर्माचा प्रश्न पंखा लावावा की नाही हा नाहीच, त्याचं तोंड कुठे उघडावं हा आहे.

पाइप शक्यतो बाहेरच्या भिंतीतून मोकळ्यावर काढा, कुणाच्या खिडकीपासून दूर. आणि डक्टशिवाय इलाजच नसेल, तर भिंतीला भोक पाडण्याआधी वरच्या मजल्यावर जाऊन एकदा बेल वाजवा.