न वाचलेली पोथी

माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. तरी दरवर्षी ती देवघरातली ज्ञानेश्वरीची पोथी ऊन दाखवायला अंगणात काढायची, पानांत कडुलिंबाचा सुकलेला पाला घालायची आणि लाल रुमालात पुन्हा बांधून ठेवायची. वॉल्टर मिलर यांची ‘अ कॅन्टिकल फॉर लीबोविट्झ’ ही विज्ञानकादंबरी वाचताना मला सारखी तीच दिसत होती.

दुसऱ्या महायुद्धात मिलर अमेरिकी बॉम्बफेकी विमानात होते, एकवीस वर्षांचे. १५ फेब्रुवारी १९४४ रोजी इटलीतल्या मोन्ते कासिनोवर बॉम्ब टाकणाऱ्यांत तेही होते. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी स्थापन केलेला तो मठ. त्या दिवशी आत जर्मन सैनिक नव्हते, आसऱ्याला आलेली माणसं होती. त्यांतली कितीतरी मेली. मठ पाडा, ही मागणी चौथ्या भारतीय डिव्हिजनच्या सेनापतीची होती, कारण तो डोंगर आपल्या जवानांना चढायचा होता. त्यामुळे विमानातल्या पोरांना दोष देताना माझी जीभ अडखळते.

१९४७ मध्ये मिलर कॅथलिक झाले. हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्या चालू असताना, पन्नाशीच्या दशकात, त्यांनी ही कादंबरी लिहिली. अणुयुद्धात जग जळून गेलंय, उरलेल्यांनी विद्वानांना ठार करून पुस्तकं पेटवलीत, आणि वाळवंटातल्या एका मठात संन्यासी उरलेसुरले कागद उतरवून घेताहेत. फ्रान्सिस नावाचा भाबडा संन्यासी विजेच्या मंडलाचा एक आराखडा सोनेरी वेलबुट्टीनं सजवत पंधरा वर्षं नकलतो. तो कशाचा आहे, हे मठात कुणालाच ठाऊक नाही! शतकं उलटतात, विद्या परत येते आणि तिच्याबरोबर बॉम्बही. शेवटी मठाधिपती ढिगाऱ्याखाली अडकतो. तो प्रसंग लिहिताना, आपण कासिनोबद्दलच लिहितो आहोत हे मिलर यांना उमगलं.

बॉम्ब पडला की विज्ञानकथा काळवंडते, यान उडालं की उजळते, असं सरसकट म्हणतात. मला ते अपुरं वाटतं. या कादंबरीला निराशेची म्हणणाऱ्यांशी तर मी मुळीच सहमत नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तो अर्थ जाणून. फ्रान्सिसला आणि माझ्या आजीला अर्थाचा आधार नव्हता. पुढे कुणी वाचेल, वाचून शहाणं होईल, याची हमीही नव्हती. तरी त्यांनी हातचं काम सोडलं नाही. मी श्रद्धा म्हणते ती हीच. मन प्रसन्न असण्याशी तिचा संबंध नाही. मिलर आयुष्याचा बराच काळ नैराश्यानं ग्रासलेले होते आणि १९९६ मध्ये त्यांनी स्वतःचं जीवन संपवलं. म्हणून त्यांच्या संन्याशांनी नकललेलं एकही पान मला खोटं वाटत नाही.

कासिनोचा मठ जुन्याच रूपात पुन्हा बांधला गेला. १९६४ मध्ये पोप सहावे पॉल यांच्या हस्ते तिथल्या चर्चचं पुन्हा पवित्रीकरण झालं.