खालच्या अंगाचे गाव

नागपूरकराला नदी पाहायची हौस आली की तो शहराबाहेर पडतो. जिच्यावरून गावाला नाव पडले असे आपण पाहुण्यांना कौतुकाने सांगतो, त्या नागनदीच्या पुलावरून जाताना मात्र गाडीच्या काचा वर करतो. मग एखाद्या रविवारी डबा बांधायचा, कुही, मांढळ, वेलतूर करत सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर अंभोरा गाठायचे आणि समोरचा पाण्याचा विस्तार पाहून हरखून जायचे. मीही हरखलो आहे. जागाच तशी आहे. वैनगंगा, कन्हान, आम, मुर्झा आणि कोलारी अशा पाच नद्या इथे एकत्र येतात. टेकडीवर चैतन्येश्वराचे देऊळ आहे. २०२४ पासून नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांना जोडणारा तारांनी तोललेला मोठा पूल आहे आणि त्यावर उंचावरून संगम पाहण्यासाठी गॅलरी केली आहे. वर जायचे, फोटो काढायचे, खाली येऊन भजी खायची. परतल्यावर कोणी विचारलेच तर सांगायचे की शहराचा वाराही न लागलेली, अगदी शांत जागा आहे हो.

या शेवटच्या वाक्याशी माझे भांडण आहे.

पहिली गोष्ट म्हणजे तिथे दिसणारे पाणी वाहत्या नदीचे म्हणून जेवढे आहे, त्याहून जास्त धरणाचे आहे. खाली पवनीजवळ गोसीखुर्दचे धरण आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी तेव्हाचे पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते त्याचे भूमिपूजन झाले. सुरुवातीचा अंदाज ३७२ कोटींचा होता. खर्च पुढे हजारो कोटींवर गेला. अडीच लाख हेक्टर भिजवायचे उद्दिष्ट आणि तेहतीस दरवाजे. साठवण टप्प्याटप्प्याने वाढवत नेली आणि फुगवटा मागे सरकत अंभोऱ्याच्या संगमाला येऊन भिडला. या पाण्याच्या पोटात दोन जिल्ह्यांतली ८० हून अधिक गावठाणे गेली. काठावरच्या बांध्या, गुरे पाण्यावर नेण्याच्या वाटा, मसणवटे, सगळेच गेले. उन्हाळ्यात वैनगंगा आटून एका अंगाला सरकली की रेती उघडी पडे, आणि मासे धरणाऱ्या ढिवरांची कुटुंबे त्या रेतीत टरबूज-डांगराच्या वाड्या लावत. चार महिन्यांचे ते शेत कोणाच्या सातबाऱ्यावर नव्हते, म्हणून ते बुडाल्याची भरपाई मागायची तरी कशाच्या आधारावर? आपण निसर्ग म्हणून ज्याला दाद देतो, तो अथांगपणा पाटबंधारे खात्याने केलेला आहे.

धरण नकोच होते, असे मला म्हणायचे नाही. पाऊस दडी मारतो तेव्हा रोवणी झालेली बांधी कशी पिवळी पडते हे ज्याने पाहिले आहे, तो कालव्याच्या पाण्याला नाके मुरडणार नाही. म्हणणे एवढेच की या पाण्याला वय आहे आणि ते माझ्या पिढीतल्या बहुतेकांपेक्षा लहान आहे. त्याला सनातन शांततेचे सर्टिफिकेट देणे घाईचे होईल.

गावात शिरणाऱ्या अनोळखी माणसाला वैनगंगेकाठच्या या झाडीपट्टीत आधी विचारतात, "कोनाकडं आले जी?" प्रश्न साधा आहे आणि त्यात चौकशीपेक्षा आतिथ्य जास्त आहे. ज्याच्याकडे आला त्याच्या दारापर्यंत नेऊन सोडायचे असते. पूर्वी नदीकाठी येणाऱ्या प्रत्येकाजवळ याचे काही ना काही उत्तर असे. कासार बांगड्या घेऊन येई. भंडाऱ्याची पितळी भांडी घेऊन कोणी येई. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया सुरू झाल्या की सोयरेधायरे येत, रात्री दंडार नाहीतर नाटक बघत आणि दोन दिवस राहून जात, अजूनही जातात. महाशिवरात्रीला अंभोऱ्याच्या जत्रेला येणारा देवाकडे आलेला असतो. आणखी मागे जायचे तर अंभोऱ्याचे लोक सांगतात की मुकुंदराजांनी 'विवेकसिंधू' इथेच रचला, शके १११० मध्ये, म्हणजे इ.स. ११८८ साली. आंबेजोगाईकरांना हे अर्थातच मान्य नाही आणि पंडितांच्या त्या वादात पडायची माझी छाती नाही. पण अंभोऱ्याची बाजू घटकाभर खरी मानली तरी मुकुंदराज इथे नदी बघायला आले नव्हते. ते गुरूकडे आले होते.

मराठीतले प्रसिद्ध प्रवासी विष्णुभट गोडसे १८५७ साली वरसईहून निघाले, तेही दक्षिणा मिळवून घरावरचे कर्ज फेडावे म्हणून. वाटेत बंड आडवे आले ही इतिहासाची करामत. नर्मदेच्या परकम्मावासीला सदावर्त मिळते कारण तो कशासाठी चालतो आहे हे काठावरच्या प्रत्येक घराला ठाऊक असते. नुसते बघायला येणारा माणूस हा या मानाने फार नवा प्रकार आहे. त्याला "कोनाकडं आले" म्हणून विचारले की तो गडबडतो, हसतो आणि म्हणतो, "कोणाकडे नाही, असेच." विचारणाराही मग "बरं बरं" म्हणून बाजूला होतो. एकमेकांशी काहीच नाते नाही, असे दोघांनी मिळून ठरवलेले असते.

माझी शंका इथेच आहे. इतरांचे मला ठाऊक नाही, पण नागपुराहून अंभोऱ्याला आलेल्या माणसाला "असेच" म्हणायची सोय नाही.

हिशेब नदीच्या बाजूने मांडून बघा. नागपूर पाणी पिते ते पेंचचे आणि कन्हानचे. तोतलाडोह आणि नवेगाव खैरीला अडवलेली पेंच शहराला पाणी पुरवते. कन्हानचे पाणी शहर वरच्या अंगाला उचलते. वापरून झालेल्या पाण्यातले काही भांडेवाडीला शुद्ध होऊन कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांकडे जाते, आणि ही गोष्ट नागपूरने अभिमानाने सांगावी अशीच आहे. पण सगळेच तिकडे जात नाही. उरलेले नागनदी आणि पिवळी नदी गोळा करत नेतात. पिवळी नागनदीला मिळते, नागनदी पुढे कुही तालुक्यात कन्हानला मिळते आणि कन्हान अंभोऱ्याला वैनगंगेत उतरते. म्हणजे गॅलरीत उभा राहून नागपूरकर ज्या संगमाचा फोटो काढतो, त्यात पाच नद्यांच्या जोडीला त्याचे स्वतःचे न्हाणीघरही आलेले असते.

नदी वाहती होती तोवर हे पाणी निदान पुढे जाई आणि पुराच्या लोंढ्यात धुऊन निघे. धरणाने पाणी उभे केले. उभ्या पाण्यात शहराचा मैला आणि साबण मुरला की जलपर्णीचे फावते. तिचे हिरवे पट्टे डोंग्याची वाट अडवतात, जाळ्यात अडकतात. पाण्यात उतरल्यावर अंगाला खाज सुटते ही काठावरच्या गावांची जुनी तक्रार आहे, आणि काही गावांच्या नळयोजनांचे पाणीही याच नदीचे. मासा कमी झाला असे ढिवर सांगतात. त्यांना त्यासाठी प्रयोगशाळेचा अहवाल लागत नाही, संध्याकाळी टोपली किती भरली ते दिसते. गंमत अशी की हाच मासा रविवारी आलेल्या पाहुण्याला ताजा, नदीचा, एकदम गावरान म्हणून हवा असतो.

आणि रेती. वैनगंगेच्या पात्रातली रेती बांधकामाला उत्तम. नागपूरच्या कित्येक फ्लॅट स्कीम तिच्या जोरावर उभ्या आहेत. घाटांचे लिलाव होतात, लिलावाबाहेरचा उपसाही होतो, आणि रात्री टिप्पर धावतात ते त्याच रस्त्यांनी, ज्यांवरून दिवसा आपली सहलीची गाडी जाते. नदी शहराला भिंती पाठवते आणि शहर नदीला सांडपाणी. एवढा व्यवहार असलेली घरे सोयरिकीतही कमीच असतील.

तेव्हा हे काठावरचे गाव शहराच्या ओळखीबाहेरचे मुळीच नाही. आपण तिथे पोचण्याच्या कितीतरी आधी आपले बरेच काही पोचलेले असते. प्रवासी स्वतःला तिऱ्हाईत समजतो, कारण तिऱ्हाईताला कोणी जाब विचारत नाही.

बंगालमधले एक उदाहरण या संदर्भात मला नेहमी आठवते. १८९० च्या दशकात रवींद्रनाथ ठाकूर पद्मेवर नावेत राहून काठावरच्या गावांकडे बघत होते आणि पुतणीला पत्रे लिहीत होते. नदीकाठच्या खेड्यावर भारतीय भाषांत त्याहून सुंदर गद्य फार थोडे असेल. पण ते तिथे हवापालटाला गेले नव्हते. शिलाईदह ही त्यांच्या घराण्याची जमीनदारी आणि काठावर दिसणारी माणसे त्यांची कुळे होती. नाव सारावसुलीच्या कामानिमित्त फिरत होती. त्यांचे मोठेपण मला यात वाटते की या नात्याकडे त्यांनी पाठ फिरवली नाही. पुढे पतिसरला शेतकऱ्यांसाठी बँक काढली, नोबेलची रक्कम तिच्यात ठेवली, १९२२ साली श्रीनिकेतन सुरू केले. यातले किती यशस्वी झाले यावर वाद घालता येईल. बँकेत घातलेले पैसे तर बुडालेच. तरी जो माणूस नावेतून बघत होता, त्याला आपण सारा घेतो हे आठवत होते. आपल्याला गॅलरीतून बघताना तेवढेही आठवत नाही.

यावर एक सोपा तोडगा निघतो आणि तो मला पटत नाही. तो असा की मग जाऊच नये. गावाला गाव म्हणून राहू द्यावे, पूलबील बांधून त्याची कळा घालवू नये. हे बोलणारे बहुधा पुलाच्या बाजूने राहत नाहीत. पूल होण्याआधी समोरच्या काठावर जायला नाव नाहीतर लांबचा वळसा होता. पावसाळ्यात बाळंतपणाची बाई घेऊन त्या नावेत बसणे हा रम्य अनुभव नसतो. पूल झाला, गावातली पोरे भंडाऱ्याला शिकायला जाऊ लागली, आणि त्या पुलावर सर्वांत उत्साहाने सेल्फी काढणारे मी बघितले ते आसपासच्या गावांतलेच नवीन जोडपे होते. भज्यांच्या गाड्याला गिऱ्हाईक हवेच असते. जलपर्यटनाच्या योजना येत आहेत त्यांतूनही कोणाला रोजगार मिळाला तर त्यात वाईट काय? फक्त बोटी चालवण्याचे काम ज्यांच्या डोंग्यांवर नदी आजवर चालली त्या ढिवरांकडे जाते की निविदा भरणाऱ्या बाहेरच्या कंत्राटदाराकडे, हे बघायला हवे. माझा अंदाज फारसा आशावादी नाही.

दुसरा तोडगा अपराधी चेहऱ्याने हिंडण्याचा. त्याचाही कोणाला उपयोग नाही. गावकऱ्याला पाहुण्याचे उसासे नको असतात. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वर मध्य प्रदेशातल्या संजय सरोवरातून पाणी सुटले, गोसीखुर्दचे सगळे दरवाजे उघडावे लागले आणि भंडारा शहरापासून खाली ब्रह्मपुरीपर्यंत हाहाकार झाला. वैनगंगेने वेढलेल्या लाडजसारख्या गावातून माणसे बोटींनी काढावी लागली. त्या वेळी गावांनी मागितले ते वेळेवर येणारा निरोप, तट्टे आणि धान्य. खालच्या अंगाला राहणाऱ्याच्या गरजा अशा रोकड्या असतात. वरून काय येणार आणि कधी, हे आधी कळावे.

प्रवाशाने बघायच्या यादीत एक भर घालता येईल. धरणात बुडालेल्या गावांची पुनर्वसन गावठाणे मुख्य रस्त्यांच्या आसपासच आहेत. सरळ रेषेत आखलेले प्लॉट, एकाच मापाच्या गल्ल्या, अजून सावली न धरलेली झाडे आणि जुन्याच नावाआधी लागलेले 'नवीन'. तिथे बघण्यासारखे काही नाही, म्हणून गाडी थांबत नाही. मी थांबतो, कारण वैनगंगेकाठचे गाव खरे तर तिथे आहे. पाण्याजवळ उरली आहे ती जागा. मोबदल्यासाठी या लोकांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले, पाण्यात उभे राहून आंदोलने केली, तेव्हा कुठे २०१३ च्या सुमाराला सुमारे बाराशे कोटींचे विशेष पॅकेज पदरात पडले. पैसे पुष्कळांचे घरबांधणीत आणि मोटारसायकलीत गेले. त्यावर शहरी माणूस मान हलवतो. एकरकमी पैसा हाती आला की शहरातला माणूसही दुसरे काही करत नाही, फक्त त्याच्या जुन्या घरावर पाणी चढलेले नसते. ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारले तर ते आता तलावात कुठे कोणाचे शेत होते ते हाताने दाखवतात. पण बोलणे लगेच दुसरीकडे वळते: नोकरीच्या दाखल्यावर, घराच्या पट्ट्यावर, नळाला येणाऱ्या पाण्याच्या वासावर.

तो वास कुठून येतो हे त्यांना पक्के माहीत आहे. नागनदीच्या शुद्धीकरणाची सुमारे दोन हजार कोटींची योजना केंद्राने मंजूर केली आहे, तिच्यासाठी जपानचे कर्ज आहे, आणि तिच्याबद्दल नागपुरात बरेच बोलले जाते. बोलले जाते ते काठांचे सुशोभीकरण, फिरायला रस्ता, शहराची प्रतिमा यांविषयी. कुही तालुक्यातल्या माणसाला या कामात भागधारक समजले गेल्याचे माझ्या तरी वाचनात नाही. योजनेच्या आढाव्याची एखादी बैठक अंभोऱ्याच्या घाटावर घ्यायला हरकत नसावी. पूल झालेला आहे, रस्ता चांगला आहे, दीड-दोन तासांत अधिकारी आरामात पोचतील. आणि दारात कोणी "कोनाकडं आले जी?" म्हणून विचारलेच, तर सांगायला निदान एक काम असेल.