वस्तादाने काय सांगावे

माझ्या तालमीत पंधरा-सोळा वर्षांची पोरे येतात. राधानगरी, पन्हाळ्याकडच्या शेतकरी आईबापांनी पोटाला चिमटा काढून दूध, तूप, बदामाचा खर्च उचललेला असतो आणि पोरगा माझ्या स्वाधीन केलेला असतो. डाव मी शिकवतो, खुराक मी ठरवतो. मग त्याच्या मनात घर करून बसलेल्या भीतीची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न हल्ली माझी पाठ सोडत नाही.

भीती बहुतेकांची एकच. "वस्ताद, झोपेत जातंय. ताकद जाणार काय?" एवढे विचारायलाही धीर गोळा करावा लागतो. काही जण विचारतच नाहीत. भिंतीवर रंगवलेल्या गुप्तरोगवाल्याचा नंबर फिरवतात आणि खुराकाचे पैसे चूर्णात घालवतात. रक्ताच्या चाळीस थेंबांतून वीर्याचा एक थेंब होतो, ही समजूत आपल्याकडे फार खोल मुरलेली आहे. या धास्तीतून येणाऱ्या अशक्तपणाला आणि उदासीला डॉ. एन. एन. विग यांनी 1960 मध्ये 'धात सिंड्रोम' असे नावच दिले. पोराचा थकवा खरा असतो. तो येतो काळजीने. वयात आल्यापासून शुक्रजंतू रोज तयार होत राहतात. बाहेर पडते ते जेमतेम चमचाभर. स्वप्नात गेले काय किंवा हस्तमैथुनाने गेले काय, त्याने दंड बारीक होत नाहीत आणि पुढे मूल होण्यातही अडथळा येत नाही.

हे मला ठाऊक आहे. मग आखाड्यात सगळ्यांसमोर सांगताना जीभ का अडते? मनाला खोदून विचारले तर उत्तर येते की भीतीने पोरे ताब्यात राहतात. ब्रह्मचर्य मी मानतो. ऐन उमेदीत चित्त एका जागी ठेवणे, वेळेवर झोपणे, पहाटे मेहनतीला उभे राहणे यावरच कुस्ती चालते. पण त्यासाठी पोरांशी खोटे बोलण्याचा अधिकार मला कोणी दिला? समजून पाळलेला संयम आयुष्यभर उपयोगी पडतो. भिऊन पाळलेला लग्नानंतर त्याच्यावरच उलटतो, आपण आधीच संपलो आहोत असे त्याला वाटत राहते.

ज्याने खरेच नुकसान होते त्याबद्दल मात्र कोणी विचारत नाही. अंग लवकर भरावे म्हणून स्टिरॉइडची इंजेक्शने घेतली जातात. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळू लागले की मेंदूकडून वृषणांना जाणारा हुकूम थांबतो. वृषणे आकसतात, शुक्रजंतू घटतात, कधी शून्यावर येतात. इंजेक्शन सोडल्यावर सावरायला महिनोन्महिने लागतात आणि प्रत्येक जण पूर्ण सावरतोच असे नाही.

मग भोगते ती त्याची बायको. मूल होईना की सोनोग्राफी तिची, उपास तिचे, बोलणी तिलाच. अशा जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्या ठिकाणी पुरुषाकडेही कारण असते आणि वीर्यतपासणी तर सगळ्यांत सोपी. पण पैलवानाच्या घरात या तपासणीचे नाव काढले की अपमान होतो. हा ताठा त्याने आमच्याच आखाड्यातून उचलला, हे मला नाकारता येत नाही. मुलगी झाली तरी दोष तिचाच. मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या शुक्रजंतूवर ठरते, हे किती घरांत सांगितले जाते? 2011 च्या जनगणनेत आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 863 मुली होत्या.

आता मुलीही कुस्ती खेळतात. वजन उतरवण्याच्या नादात त्यांची पाळी थांबते आणि कटकट गेली म्हणून सोडून दिले जाते. मेहनतीच्या मानाने अन्न कमी पडल्याची ती खूण असते. दुर्लक्ष केले तर हाडे ठिसूळ होतात. आणखी एक भीती त्यांच्या आयांना असते, खेळताना पडदा फाटला तर? पहिल्या रात्री रक्त येणे न येणे हा कसलाच पुरावा नव्हे. अनेकींना ते येतच नाही. तरी 2021 मध्ये याच कोल्हापुरात कौमार्य चाचणीचे निमित्त करून दोन बहिणींना सोडून दिल्याचे प्रकरण पोलिसांत गेले.

रघुनाथ धोंडो कर्वे 1927 पासून 1953 पर्यंत 'समाजस्वास्थ्य' या मासिकातून वाचकांच्या अशाच शंकांना उत्तरे देत राहिले. त्या उत्तरांवरून 1934 मध्ये खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. कर्वे हरले, दंड भरला, पण मासिक थांबवले नाही. मला कोणी कोर्टात खेचणार नाही. फार तर चार पालक नाराज होतील. एवढ्याला मी भ्यावे, हे माझ्या मनाला पटत नाही.

म्हणून कोल्हापुरातल्या सगळ्या वस्तादांना विनंती आहे. पोराने विचारायची वाट पाहू नका. पावसाळ्यात नवी पोरे आली की पहिल्याच आठवड्यात हे सगळे मोकळेपणाने सांगा. मुलींसाठी जाणती बाई बोलवा. शंका उरली तर भिंतीवरच्या नंबराकडे नको, सीपीआर रुग्णालयातल्या डॉक्टरांकडे न्या, आणि स्वतः बरोबर जा.