कारण कोणी लिहायचं?

महाराष्ट्रात खासगी शाळेतल्या शिक्षकाला राजीनामा द्यायचा असेल, तर तो मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवून बाहेर पडता येत नाही. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींबाबतच्या १९७७ च्या अधिनियमातलं कलम ७ सांगतं की राजीनामा दोन प्रतींत लिहायचा, दोन्हींवर सही करून तारीख घालायची, एक प्रत नोंदणीकृत डाकेने व्यवस्थापनाला पाठवायची आणि दुसरी स्वतःजवळ ठेवायची. एरवी कायदा इतक्या बारीक गोष्टींत शिरत नाही. इथे शिरला, कारण आपल्याकडे राजीनामे दिले जातात तसे घेतलेही जातात. रुजू होण्याच्या दिवशीच कोऱ्या कागदावर सही घेऊन ठेवायची आणि वेळ आली की वरचा मजकूर भरायचा, ही रीत शिक्षणक्षेत्रात कोणाला नवी नाही. डाकघराच्या खिडकीपर्यंत चालत जाणं, पावती घेणं, ती जपून ठेवणं, एवढं तरी माणसाने स्वतःच्या पायांनी आणि स्वतःच्या मनाने केलं पाहिजे, असा त्या कलमाचा आग्रह आहे. उच्च न्यायालयापर्यंत अशा राजीनाम्यांची प्रकरणं वारंवार गेली आहेत.

भंडारा जिल्ह्यातल्या पवनीसारख्या तालुक्याच्या गावात हा प्रश्न शहरापेक्षा वेगळ्या रीतीने अंगावर येतो. वैनगंगेच्या काठचं हे गाव जुनं आहे, सगळे सगळ्यांना ओळखतात. संस्थेचे सचिव लग्नात भेटतात, मुख्याध्यापक बाजारात भेटतात, शिपाई शेजारी राहतो. गोसेखुर्द धरणाच्या पाण्याखाली ज्यांची शेती गेली त्या घरांत महिन्याच्या एका पगाराचं मोल आणखीच वाढलेलं आहे. एक नोकरी सोडून पलीकडच्या गल्लीतली दुसरी धरावी, असं इथे होत नाही. म्हणून छळणाऱ्यालाही घाई नसते. तो आवाज चढवत नाही. सकाळी मस्टर कपाटात कुलूपबंद असतं आणि किल्ली ‘साहेबांकडे’ असते. दहा मिनिटांनी तेच मस्टर बाहेर येतं, तोवर नावापुढे लाल शाईने रेघ पडलेली असते. वेळापत्रकातून दहावीचे तास जातात. वेतनवाढीची फाईल ‘बघतो’ म्हणून पडून राहते. आठवड्याला एक कारणे दाखवा नोटीस येते आणि खुलासा घ्यायला मात्र कोणी तयार नसतं. स्टाफरूममध्ये खुर्च्या हळूहळू लांब सरकतात. मग एक दिवस कोणीतरी हितचिंतक होऊन सांगतो, ‘‘सर, कशाला त्रास करून घेता? देऊन टाका ना राजीनामा. बडतर्फ झालात तर आयुष्यभराचा डाग लागेल.’’

या हितचिंतकाचं म्हणणं नीट तपासून पाहायला हवं, कारण बहुतेक माणसं तिथेच कोसळतात. डागाची भीती खरी आहे. आपल्या घरांमध्ये ‘काढून टाकलं’ आणि ‘सोडून दिलं’ यांत अब्रूचं अंतर आहे आणि आई-वडिलांना, सासरी, मुलांच्या शाळेत दुसरं वाक्य सांगणं सोपं जातं. पण ज्याला आपल्याला काढायचंच आहे, तो आपल्या अब्रूची काळजी का करतो आहे? कारण काढायचं म्हटलं तर त्याला लिहावं लागतं. दोषारोप लिहावे लागतात, पुरावा मांडावा लागतो, चौकशी लावावी लागते. आपण राजीनामा दिला की हे सगळं वाचतं. शिवाय आपल्याकडून जो राजीनामा मागितला जातो त्यात ‘वैयक्तिक कारणास्तव’ एवढेच शब्द हवे असतात. म्हणजे छळ त्याने केला आणि कारण आपण आपल्या नावावर घेतलं. राजीनामा द्यावा की बडतर्फीची वाट पाहावी, या प्रश्नाच्या पोटात माझ्या मते एकच खरा प्रश्न आहे: जे घडलं त्याचं कारण कागदावर कोण लिहिणार?

कायम शिक्षकापुरतं बोलायचं तर कायद्याची रचना वाट पाहणाऱ्याच्या बाजूची आहे. १९८१ च्या नियमावलीप्रमाणे चौकशी समितीत तीन माणसं असतात: एक व्यवस्थापनाचा, एक कर्मचाऱ्याने स्वतः निवडलेला कोणत्याही खासगी शाळेतला कर्मचारी, आणि तिसरा राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतला. ही चौकशी न करता काढलं, किंवा नावापुरती करून काढलं, तर अधिनियमाच्या कलम ९ खाली तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं आणि न्यायाधिकरण मागच्या पगारासह पुन्हा रुजू करून घेण्याचा आदेश देऊ शकतं. राजीनामा दिलेल्याला हे दार जवळजवळ बंदच होतं. तो राजीनामा आपला नव्हताच, दबावाखाली घेतला होता, हे आधी सिद्ध करावं लागतं आणि ते करायचं असतं त्याच स्टाफरूमच्या साक्षीने, जिथे खुर्च्या लांब सरकल्या होत्या. सरकारी सेवकाला संविधानाच्या अनुच्छेद ३११ चं संरक्षण आहे. निवृत्तिवेतनाच्या १९८२ च्या नियमांनुसार राजीनाम्याने मागची सगळी सेवा जप्त होते, हे मात्र रागाच्या भरात कोणाच्या लक्षात राहत नाही. वीस वर्षं भरली असतील तर स्वेच्छानिवृत्तीचा मार्ग आहे. एकोणीस वर्षं झालेल्या माणसाने सचिवांच्या एका शिवीवर राजीनामा लिहिला, तर त्या शिवीची किंमत त्याचं कुटुंब पुढची तीस वर्षं मोजत राहतं. बडतर्फीनेही सेवा जाते, हे खरं. पण बडतर्फी रद्द होऊ शकते.

या संरक्षणाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर हा लेख कोणाला तरी खड्ड्यात ढकलेल. परिवीक्षेवरच्या शिक्षकाला एक महिन्याच्या नोटिशीवर किंवा महिन्याच्या पगारावर घरी पाठवता येतं. शिक्षणसेवकाची तीन वर्षं तर श्वास रोखूनच काढावी लागतात. पतसंस्थेत, खासगी दवाखान्यात, मोबाईलच्या शोरूममध्ये, कंपनीच्या वसुली खात्यात काम करणाऱ्यांसाठी हिशेब बराचसा उलटा आहे. पाच वर्षं सलग सेवा झाली असेल तर राजीनामा दिला तरी उपदान मिळतं, पण काही प्रकारच्या गैरवर्तनासाठी बडतर्फ केलं तर ते जप्त होऊ शकतं. तिथे दुसरी नोकरी हातात आल्यावर शांतपणे बाहेर पडणं हा शहाणपणाचाच मार्ग आहे आणि त्याला पळणं म्हणू नये. छळाच्या विरोधात आपल्याकडे सर्वसाधारण असा कायदा नाही. लैंगिक छळासाठी २०१३ चा कायदा आहे, त्यात तक्रारीची मुदत तीन महिन्यांची आहे, आणि जातीवरून होणाऱ्या छळासाठी ॲट्रॉसिटीचा कायदा आहे. पण नुसतं रोज थोडं थोडं कमी लेखणं, काम काढून घेणं, एकटं पाडणं यांना वेगळं नाव देणारं कलम नाही. फ्रान्सने असं कलम २००२ मध्ये केलं. तिथल्या फ्रान्स टेलिकॉम कंपनीला २२ हजार माणसं कमी करायची होती आणि काढून टाकणं कायद्याने अवघड होतं, म्हणून माणसं स्वतःहून जातील अशी परिस्थिती आखून निर्माण केली गेली. कित्येकांनी जीव दिला. डिसेंबर २०१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने कंपनीच्या माजी प्रमुखांसह वरिष्ठांना दोषी ठरवलं. न्यायालयाने त्या मृत्यूंमागचं धोरणच गुन्हा मानलं. ‘ते स्वतःहून गेले’ हा बचाव टिकला नाही. पवनीतल्या कुलूपबंद मस्टरचा हेतूही तोच असतो.

या बाबतीत मला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यातले दोन प्रसंग शेजारी ठेवून वाचावेसे वाटतात. सप्टेंबर १९१७ मध्ये ते बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झाले. शिष्यवृत्तीच्या बदल्यात दहा वर्षं नोकरी करण्याचा करार होता. कचेरीत शिपाई फायली दुरून फेकत, प्यायला पाणी मिळत नसे. राहायला कोणी जागा देईना, म्हणून पारशी विश्रामगृहात पारशी नावाने राहिले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने तिथून बाहेर काढलं. कामाठी बागेत बसून त्यांनी वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. करार होता, उपकाराचं ओझं होतं, तरी ते थांबले नाहीत, आणि थांबायला हवं होतं असं आज कोणी म्हणणार नाही. तो सगळा प्रकार त्यांनी पुढे स्वतःच्या हाताने, तपशिलासह लिहून ठेवला. दुसऱ्या प्रसंगात ते मंत्रिमंडळात होते. निघून जाण्याची कारणं आधीपासून साठत होती, तरी हिंदू कोड बिलासाठी ते थांबले. बिल अडकलं तेव्हा, २७ सप्टेंबर १९५१ रोजी, राजीनामा दिला. ऑक्टोबरमध्ये संसदेत निवेदन करायचं होतं, पण निवेदनाची प्रत आधी द्या असा आग्रह झाला, तेव्हा ते सभागृहाबाहेर पडले आणि निवेदन वृत्तपत्रांच्या हाती दिलं. त्या निवेदनात एक गोष्ट त्यांनी मुद्दाम स्पष्ट केली: आपण आजारपणामुळे जात आहोत असं कोणी समजू नये. त्यांची तब्येत त्या काळात खरोखरच खालावलेली होती. ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ म्हटलं असतं तर सगळ्यांची सोय झाली असती. त्यांनी ती सोय होऊ दिली नाही. त्याची किंमतही पडली. १९५२ ला मुंबईत आणि १९५४ च्या पोटनिवडणुकीत आपल्या भंडाऱ्यात ते हरले. खरं कारण लिहून बाहेर पडणाऱ्याच्या मागे लोक उभे राहतीलच असं नाही, हे आपल्या जिल्ह्याने तरी विसरू नये.

म्हणून माझं म्हणणं ‘थांबाच’ असं नाही. कायम नोकरी असेल, लढण्याजोगं शरीर-मन असेल, घरचे सोबत असतील, तर व्यवस्थापनाने मागितलेला राजीनामा देऊ नये, त्यांना लिहायला लावावं. मस्टरवर सही करू दिली नाही तर त्याच दिवशी, शाळा सुटायच्या आत, ‘मी इतक्या वाजता हजर होतो’ असं पत्र रजिस्टर एडीने मुख्याध्यापकांना आणि शिक्षणाधिकाऱ्यांना जावं. प्रत्येक नोटिशीला लेखी उत्तर, प्रत्येक उत्तराची पोच. चिडून बोललेला एक शब्द त्यांच्या दोषारोपपत्रात पहिल्या क्रमांकावर येतो, तेवढं सांभाळावं. आणि हातून राजीनामा लिहिला गेलाच असेल, तर तो अमलात येण्याआधी मागे घेता येतो, हेही माहीत असावं.

पण या थांबण्याला शेवट हवा आणि तो आधी ठरलेला हवा. मार्च २०२१ मध्ये मेळघाटातल्या हरिसालच्या वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी आपलं आयुष्य संपवलं. मागे ठेवलेल्या पत्रात वरिष्ठाकडून झालेल्या छळाचे आणि तक्रारी करूनही दखल न घेतल्याचे आरोप होते. एका अधिकाऱ्याला अटक झाली, दुसऱ्याचं निलंबन झालं. त्या गणवेशातल्या, सरकारी सेवेतल्या, सगळी कागदोपत्री संरक्षणं असलेल्या अधिकारी होत्या. त्यांनी काय करायला हवं होतं हे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. सांगायचं असेल तर त्यांची तक्रार ज्यांच्या टेबलावर पडून राहिली त्यांना सांगावं. मात्र जो आज त्या वाटेवर आहे, त्याच्या घरच्यांनी एवढं करावं: झोप गेली, जेवण सुटलं, रविवारी संध्याकाळीच छातीत धडधडायला लागलं, ‘मी नसतो तर बरं’ असं वाक्य एकदाही तोंडून आलं, की निवृत्तिवेतनाचा हिशेब बाजूला ठेवून डॉक्टरकडे न्यावं. आधी वैद्यकीय रजा. त्यातून सुटका होत नसेल तर राजीनामा, आणि त्यात छळाचं कारण स्पष्ट शब्दांत. त्या दिवशी राजीनामा देणारा हरत नाही.

उरतो प्रश्न बाकीच्यांचा. चौकशी समितीत कर्मचाऱ्याने निवडलेल्या माणसाची एक जागा कायद्याने राखून ठेवली आहे. तालुक्यातल्या कोणत्याही खासगी शाळेतला कर्मचारी तिथे बसू शकतो. पण विचारायला गेलं की मुलीचं लग्न आहे, संस्थाचालक नात्यातले आहेत, आपलीही वरिष्ठ श्रेणी अडकली आहे, अशी उत्तरं मिळतात. ती खोटी नसतात. म्हणूनच हे एकेकट्याच्या धैर्यावर सोडता येणार नाही. शिक्षक संघटना बदल्यांसाठी, जुन्या पेन्शनसाठी मोर्चे काढतात, ते काढावेतच. त्यासोबत त्यांनी पवनी, लाखांदूर, साकोली अशा प्रत्येक तालुक्यात दहा जणांची नावं जाहीर करावीत, जे कोणाच्याही चौकशीत कर्मचाऱ्याच्या बाजूने बसायला तयार आहेत, आणि त्या दहा जणांवर सूड उगवला गेला तर संघटना त्यांच्या मागे उभी राहील असा लेखी ठराव करावा.