नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

आपल्या भाषेत बाळाचे नाव ठेवतात आणि शेजाऱ्याला नावे ठेवतात. शब्द एकच, पण पहिल्या कृत्यात माया आहे व दुसऱ्यात निंदा. तर मग दुसऱ्यास नाव देण्याचा अधिकार मनुष्यास कोठवर आहे? ह्या प्रश्नावर एका क्षुद्र भुंगेऱ्याची हकीकत विचार करण्याजोगी आहे, असे आम्हांस वाटते.

युरोपात व उत्तर अमेरिकेत 'अ‍ॅलिओकारा' नामक गणातील एक काळा भुंगेरा आढळतो. पंखांवरील कवच आखूड असल्यामुळे त्याचे पोट उघडे दिसते. त्याची अळी कोबीची मुळे नासणाऱ्या माशीचा कोश मातीत हुडकते, त्यास भोक पाडून आत शिरते व आतील जीव खाऊन वाढते. मोठा भुंगेराही त्या माशीची अंडी व अळ्या खातो. सारांश, तो शेतकऱ्याचा साह्यकर्ता होय.

स्वीडनचे विद्वान गिलेनहाल ह्यांनी १८१० साली त्यास 'बायलिनिएटा' असे नाव दिले. पुढे अमेरिकेचे कर्नल केसी ह्यांनी त्यासच निराळी जात समजून 'ऑन्टॅरिओनिस' म्हटले. १९५३ सालीही कॅनडात त्याचे जीवनवृत्त ह्या दुसऱ्या नावाने छापले गेले. अशाने एका नावाखाली मिळवलेले ज्ञान दुसरे नाव जाणणाऱ्यास सहसा सापडत नाही, आणि तोटा शेतकऱ्याचा होतो.

तथापि केसी ह्यांची एक गोष्ट आम्हांस स्तुत्य वाटते. त्यांनी आपला संग्रह जपून ठेवला. तो वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय संग्रहालयात आहे. म्हणून मागाहून येणाऱ्यांस नमुने ताडून पाहता येतात. आज दोन्ही नावे एकाच भुंगेऱ्याची मानतात. शास्त्राच्या नियमाप्रमाणे आधीचे नाव राहिले. नाव देणाऱ्याचा हुद्दा कोणी पाहिला नाही. दुसरे नावही पुसून न टाकता त्याच्याखाली नोंदून ठेवले आहे.

आता, वाचकहो, आपली रीत पाहा. आपण एखाद्यास चोर म्हणतो, एखादीस कजाग म्हणतो. पण ते कशावरून म्हटले, हे चार वर्षांनी विचारले तर सांगता येत नाही. पुरावा उरत नाही, नाव मात्र उरते, आणि ते पुढे त्याच्या लेकरांसही चिकटते. भुंगेऱ्याला चुकीच्या नावाने दुःख होत नाही, मनुष्यास होते. ह्यास्तव ज्याला आपल्या शब्दाचा नमुना दुसऱ्यापुढे तपासावयास ठेवता येत नाही, त्याने कोणास नावे ठेवू नयेत. आणि तपासात आपण चुकलो असे ठरले, तर दिलेले नाव चारचौघांत मागे घ्यावे.