मत कोणाचे, किंमत कोणाची?

मराठीत 'मत' या शब्दाला दोन अर्थ आहेत. विचारान्ती बनलेली धारणा हा एक आणि मतपेटीत टाकावयाचा कौल हा दुसरा. ही केवळ कोशगत सोय मानून सोडून देता येत नाही. कौल स्वभावतः द्वंद्वात्मक असतो. तो या उमेदवाराला तरी पडतो किंवा त्या उमेदवाराला. धारणा तशी नसते. तिच्यात 'परंतु', 'तरीही', 'तूर्त' या अव्ययांना जागा असते. निवडणुकीच्या दिवसांत मात्र कौल धारणेला गिळून टाकतो, आणि एका उमेदवाराविषयीचे आपले मत पाहता पाहता त्याला कौल देणाऱ्या माणसाविषयीचे मत होऊन बसते. अशा मताची नैतिकता कशावरून ठरवावी, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

त्यासाठी व्यावसायिक मुष्टियुद्धाचा आधार घेणे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. राजकारणासाठी आपण 'आखाडा', 'शड्डू', 'चितपट' ही कुस्तीची परिभाषा सर्रास वापरतो. पण तो केवळ अलंकार असतो. अमेरिकेत ८ मार्च १९७१ रोजी मात्र एका मुष्टियुद्धाचे अक्षरशः निवडणुकीत रूपांतर झाले. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये महंमद अली आणि जो फ्रेझर समोरासमोर उभे राहिले, तेव्हा दोघेही अपराजित होते. व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती होण्यास अलीने १९६७ मध्ये नकार दिला होता. त्यापायी त्याचे जेतेपद काढून घेतले गेले, पाच वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली गेली आणि अपील चालू असताना उमेदीची साडेतीन वर्षे रिंगणाबाहेर गेली. युद्धविरोधकांचा आणि कृष्णवर्णीय अस्मितेचा तो उमेदवार झाला. मग समोरच्याला प्रस्थापितांचा उमेदवार होणे भागच होते. त्याने अर्ज भरला होता की नाही, हे कोणी विचारले नाही.

वस्तुस्थिती वेगळी होती. फ्रेझर दक्षिण कॅरोलायनातील एका गरीब शेतमजूर कुटुंबातला. फिलाडेल्फियाच्या कत्तलखान्यात राबून तो १९६४च्या ऑलिम्पिक सुवर्णपदकापर्यंत पोहोचला होता. अलीवर बंदी असताना त्याने त्याला मदत केली होती आणि त्याचा परवाना परत मिळावा अशी बाजू घेतली होती. अलीने मात्र त्याला जाहीरपणे 'अंकल टॉम', म्हणजे गोऱ्यांचा मिंधा, ठरविले. साहित्याच्या अभ्यासकाला येथे थबकावेसे वाटते. हॅरिएट बीचर स्टोव यांच्या १८५२च्या कादंबरीतला टॉम पळून गेलेल्या गुलाम स्त्रियांचा ठावठिकाणा सांगण्यास नकार देतो आणि त्या नकारापायी मरतो. म्हणजे ज्या नकारासाठी आपण अलीला मान देतो, त्याच जातीचा नकार देणाऱ्या पात्राचे नाव अपवाचनातून शिवी बनले, आणि ती शिवी ज्याला तसा मिंधेपणा चिकटत नव्हता अशा माणसावर फेकली गेली.

ही भाषा आली कोठून? रोलां बार्थ यांनी 'मायथॉलजीज' (१९५७) मधील कुस्तीवरील निबंधात व्यावसायिक कुस्ती आणि मुष्टियुद्ध यांत मूलगामी भेद केला आहे. मुष्टियुद्ध ही प्रेक्षकांसमोर घडत जाणारी कथा असते. तिचा शेवट ठाऊक नसतो, म्हणूनच तिच्यावर पैज लावता येते. त्या तमाशेवजा कुस्तीत मात्र प्रत्येक क्षण स्वयंपूर्ण चिन्ह असतो. मल्लाच्या देहाकडे पाहताच खलनायक ओळखू यावा आणि अखेर त्याला शासन होताना पाहून न्यायाचे समाधान लाभावे, अशी तिची रचना असते. अलीने आपली वाचाळ शैली 'गॉर्जस जॉर्ज' या व्यावसायिक मल्लाकडून उचलल्याचे स्वतः सांगितले होते. बार्थच्या परिभाषेत बोलायचे, तर मुष्टियुद्धाच्या अनिश्चित कथेवर त्याने कुस्तीची निश्चित चिन्हव्यवस्था लादली. निवडणूक प्रचार याहून वेगळे काय करतो? 'उमेदवार' म्हणजे उमेद बाळगणारा, आणि मराठीत शिकाऊ कारागिरालाही आपण उमेदवारच म्हणतो. ज्याची कथा अजून घडावयाची आहे असा माणूस या शब्दात आहे. प्रचार त्याचे पूर्ण झालेले चिन्ह करून टाकतो.

प्रत्यक्ष रिंगणात, लक्षणीय गोष्ट अशी की, दोघांनीही मर्यादा सांभाळल्या. मुष्टियुद्धाचे आधुनिक नियम १८६७ मध्ये मार्क्विस ऑफ क्वीन्सबेरी यांच्या नावाने प्रसिद्ध झाले. हातमोजे, तीन मिनिटांची फेरी, पडलेल्याला उठण्यासाठी दहा सेकंद आणि तोवर दुसऱ्याने बाजूला थांबणे, हा त्यांचा गाभा. हिंसेला मान्यता देणारा हा खेळ पडलेल्या माणसापुरती तरी हिंसा थांबवतो. १९७१च्या पंधराव्या फेरीत फ्रेझरच्या डाव्या हुकने अली कोसळला. तो उठेपर्यंत फ्रेझर थांबला आणि अखेर सर्वानुमते विजयी ठरला. शब्दांना मात्र कोणी पंच नव्हता. १९७५ मध्ये मार्कोसच्या लष्करी कायद्याखालील मनिलात तिसरी लढत झाली. तिच्या आधी अलीने फ्रेझरला गोरिला म्हणून हिणवले आणि रबरी खेळणे नाचवून पत्रकारांना हसविले. चौदा फेऱ्यांनंतर फ्रेझरला नीट दिसेनासे झाले, तेव्हा प्रशिक्षक एडी फच यांनी लढत थांबविली. शब्दांची लढत मात्र कोणी थांबविली नाही. आपल्या मुलांना शाळेत तिचे चटके बसले, असे फ्रेझरने पुढे सांगितले. १९९६ मध्ये कंपवाताने थरथरणाऱ्या अलीने अटलांटात ऑलिम्पिक ज्योत पेटविली, तेव्हाही फ्रेझरचे उद्गार कडवटच होते. अलीने २००१ मध्ये वृत्तपत्रातून क्षमा मागितली. ते सारे लढतीची जाहिरात म्हणून बोललो होतो, असे त्याचे म्हणणे होते. प्रचारात बोललेले मनावर घेऊ नये, हा युक्तिवाद आपल्यालाही अपरिचित नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. उमेदवार सत्ता मागत असतो. त्याच्याविषयी खिलाडूवृत्तीने बोलणे म्हणजे अन्यायाशी सभ्यपणे तडजोड करणे नव्हे काय? आक्षेप रास्त आहे. पण तो खिलाडूवृत्तीला सौजन्य समजतो. अलीचा १९६७चा नकार मुळीच सौम्य नव्हता. त्याचे मोल तीव्रतेत नाही, तर त्याची किंमत अलीने स्वतः मोजली यात आहे. फ्रेझरविषयीच्या मताची किंमत फ्रेझरने मोजली. माणूस तोच, वाणी तीच, धैर्याचा आविर्भावही तोच. फरक केवळ कोणाच्या खात्यावर खर्च पडला याचा. मताची नैतिकता त्याच्या प्रखरतेने किंवा सौम्यतेने न मोजता या खर्चाने मोजावी, असे मला वाटते.

याचेच दुसरे टोक अलीच्या पुढील राजकीय मतांत दिसते. १९८० मध्ये त्याने कार्टर यांचा आणि १९८४ मध्ये रेगन यांचा पुरस्कार केला. १९६७च्या अलीला पुजणारे अनेक जण गोंधळले. वस्तुतः गोंधळण्याचे कारण नव्हते. एका कृतीतून मिळालेला नैतिक अधिकार उमेदवाराच्या शिफारशीकडे आपोआप वर्ग होत नाही. आणि शिफारस न पटल्याने ती कृती उणीही होत नाही. आपण माणसाला अखंड चिन्ह मानतो, म्हणून त्याचे प्रत्येक मत आपल्याला त्याच्या सबंध असण्याचा पुरावा वाटते.

हे लिहिताना मी स्वतःला वगळू शकत नाही. मागे एका निवडणुकीच्या सुमारास प्राध्यापककक्षात मी एका उमेदवाराविषयी एक झणझणीत वाक्य उच्चारले. सगळे हसले. कोपऱ्यात बसलेले एक ज्येष्ठ सहकारी त्याच उमेदवाराला कौल देणार होते, हे मला ठाऊक होते. किंबहुना त्या वाक्याचा रोख उमेदवारापेक्षा त्यांच्यावरच अधिक होता. ते काही बोलले नाहीत. तासाची घंटा झाली, तसे वह्या उचलून निघून गेले. त्या उमेदवाराविषयीचे माझे मत आजही बदललेले नाही आणि ते चुकीचे होते असेही मला वाटत नाही. पण त्या मतासाठी मला काहीच मोजावे लागले नव्हते. सर्वांचे हसू मला मिळाले. खर्च त्यांच्या खात्यावर पडला. त्यानंतर आमच्यात राजकारणाविषयी कधी बोलणे झाले नाही, आणि ज्यांच्याशी वाद घालून माझे मत तपासून घेता आले असते, असा एक प्रतिस्पर्धी मी गमावला.

फ्रेझर २०११ मध्ये वारला. आजारी अली त्याच्या अंत्यविधीला उपस्थित होता. त्या उपस्थितीचा अर्थ लावण्याचा मोह आवरलेला बरा. ती कथा त्या दोघांची आहे. आपल्यापुरते एवढेच म्हणता येईल की, मत देण्याचा अधिकार राज्यघटनेने आपल्याला दिला आहे. पण ते देताना समोरचा माणूस खाली पडला असेल, तर तो उठेपर्यंत थांबण्याचा नियम कोणत्याही घटनेत लिहिलेला नाही. तो ज्याचा त्यानेच पाळावयाचा असतो.